सोने पारखून घ्या!

दसरा होऊन वीस दिवस झाले. दिवाळीची झाडलोट करताना देव्हाऱ्यामागून वाळलेले 'सोने' अजून निघत असेल. ते केरात टाकण्यापूर्वी एक पान तळहातावर घेऊन पाहा. पान खरोखर आपट्याचेच आहे ना?

आम्ही मराठीचे प्राध्यापक जोडशब्दांचा कीस काढतो. पण जोडपानाकडे मी नीट पाहिले ते जांब समर्थ येथे. घनसावंगी तालुक्यातले हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दसऱ्याच्या तोंडावर विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो होतो. एकाने वाटेवरची फांदी मोडली. तिला जांभळट कळ्या होत्या. एक वृद्ध शेतकरी थबकून म्हणाले, "सर, ह्यो आपटा न्हाई, कांचन हाय. दसऱ्याला आपट्याला कुठलं फूल?"

केवढी सोपी खूण! आपटा उन्हाळ्यात फुलतो. फुले बारीक, फिकट. देवकांचन मात्र दसऱ्याच्या सुमारासच बहरू लागतो, आणि साधा कांचन वसंतात. आपट्याचे पान लहान, लांबीपेक्षा रुंद; कांचनाचे त्याहून बरेच मोठे. आपट्याची जाड शेंग आपोआप उकलत नाही. कांचनाची चपटी शेंग तडकून बिया उडवते. दोन्ही कांचनांची फुले सारखी वाटली तर पुंकेसर मोजावेत : देवकांचनाला बहुधा तीन, साध्याला पाच.

या दोन कांचनांचा एक संकरही आहे. त्याचे मूळ झाड १८८० च्या सुमारास हाँगकाँगमध्ये सापडले. किरमिजी फुलांचे हे झाड आता शहरी बागांतही दिसते. फुले भरघोस, पण शेंग धरत नाही. कलमांवरच त्याचा वंश चालतो. याच फुलाला १९९७ पासून हाँगकाँगच्या ध्वजावर स्थान आहे.

या झाडांच्या 'बौहिनिया' या शास्त्रीय नावामागे जोहान व कास्पर बौहिन हे वनस्पतिशास्त्रज्ञ बंधू आहेत. एका देठावरची दोन दले म्हणजे दोन भाऊ! १६०८ साली जांबेत समर्थ जन्मले, तेव्हा हे दोघेही हयात होते. जांबेनेही गंगाधरपंत आणि नारायण अशी भावांची जोडी दिलीच की!

पारख नसली की कळ्यांनी भरलेला देवकांचन ओरबाडला जातो. त्या वर्षीची फुले गेली, शेंगा गेल्या, बियाही गेल्या. आणि आपटा ओळखला तरी फांदी कशाला मोडायची? सोन्याला एक पान पुरते. पुढच्या दसऱ्याला मुलांना आधी झाड दाखवा, मग पान द्या.