लातूर पॅटर्न, नांदेड पॅटर्न आणि जीवशास्त्राची उजळणी

मराठवाड्याने महाराष्ट्राला दोन 'पॅटर्न' दिले. लातूरचा सगळ्यांना ठाऊक आहे: जादा तास, सराव परीक्षांचा मारा आणि वैद्यकीयच्या यादीत खेड्यापाड्यांतली नावे. नांदेडचा मात्र फारसा कुणाच्या तोंडी नसतो. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरचे सांडपाणी शोषखड्ड्यांत जिरवले, उघड्या नाल्या बंद केल्या आणि डासांचा बंदोबस्त केला. पुढे जिल्हा परिषदेने हे काम रोजगार हमी योजनेतून गावोगाव नेले. एका पॅटर्नने जीवशास्त्र पाठ करून घेतले, दुसऱ्याने ते वापरले. या दोन जिल्ह्यांत जीवशास्त्राची उजळणी कशी होते हे पाहायचे, तर दोन्ही पॅटर्न शेजारी ठेवून पाहावे लागतात.

360 गुणांचे गणित

लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय 1970 चे. तेथे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांचा जमाना होता तेव्हा या महाविद्यालयाने आणि गावातल्या इतर संस्थांनी उजळणीला शिस्त लावली. धडा शिकवून थांबायचे नाही. त्यावर परीक्षा घ्यायची, चुका काढायच्या आणि पुन्हा परीक्षा घ्यायची. दहावी-बारावीसाठी लातूर विभागीय मंडळात लातूर, नांदेड आणि धाराशिव एकत्र आहेत. त्यामुळे नांदेडलाही ही शिस्त झिरपायला वेळ लागला नाही.

नंतर सीईटी आली. 2017 पासून राज्य कोट्याच्या जागाही नीटवर भरू लागल्या आणि त्याच वर्षी नीटचा पेपर मराठीतही मिळू लागला. 2020 मध्ये वैद्यकीय प्रवेशातले, 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना राखणारे 70:30 चे प्रादेशिक सूत्र रद्द झाले. मराठवाड्यातल्या मुलांना राज्यभरच्या जागांची दारे खुली झाली आणि लातूरच्या ट्यूशन एरियातली गर्दी आणखी वाढली. मेस, अभ्यासिका, रिपीटर बॅच, रविवारची टेस्ट असे एक अख्खे अर्थकारण त्यावर चालते.

नीटच्या 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे. प्रश्न 90, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला वजा एक. गणिते सोडवण्यात वेळ जात नाही, म्हणून हा विषय आधी उरकून भौतिकशास्त्राकडे वळायचे, असे शिकवले जाते. मग एनसीईआरटीचे पुस्तक 'लाइन टू लाइन' वाचायचे, आकृतीखालची ओळसुद्धा सोडायची नाही. या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्यांच्या घरात आधी कुणी बारावी झाले नव्हते, अशी किती तरी मुले याच पद्धतीने डॉक्टर झाली. प्रश्न पाठांतराचा नाही. पाठ केलेल्या ओळी एकमेकींना कुठे भेटतात, हे उजळणीत कोण दाखवते, हा प्रश्न आहे.

शरीर: रात्रीची रक्ततपासणी

'हत्तीरोगाचा वाहक कोण?' उत्तर क्युलेक्स डास, जंतू वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. चार गुण मिळाले की मुले पुढच्या प्रश्नावर जातात. राज्यातल्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांच्या यादीत नांदेड आणि लातूर या दोघांचीही नावे आहेत, हे मात्र सराव परीक्षेत कुणी विचारत नाही.

आरोग्य कर्मचारी हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रात्री येतात. लोक झोपायच्या बेतात असताना बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला जातो. कारण प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत ठाण मांडतात, पण त्यांची पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्रीच मोठ्या संख्येने त्वचेजवळच्या रक्तप्रवाहात येतात. क्युलेक्सही रात्रीच चावतो. परजीवी आणि वाहक यांचे वेळापत्रक जुळलेले आहे. लसीका संस्था एका धड्यात, रोग दुसऱ्यात आणि सजीवांतले परस्परसंबंध तिसऱ्यात. काचपट्टीवरच्या त्या थेंबात तिन्ही धडे आहेत.

टेंभुर्णीचे महत्त्व इथे कळते. क्युलेक्स साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. शोषखड्ड्यात मधोमध वरच्या बाजूला भोके पाडलेली सिमेंटची टाकी असते आणि भोवती दगडगोटे. मोरीचे पाणी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो, वरचे पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत मुरते. उघडे पाणी उरत नाही, म्हणून अळ्यांना जागाही उरत नाही. अर्थात गाळ वेळेवर उपसला नाही तर खड्डा तुंबतो आणि पाणी पुन्हा रस्त्यावर येते.

डेंग्यूला मात्र हा उपाय पुरत नाही. एडिस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्यावर उपाय म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आता लातूरची एखादी गल्ली घ्या. आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी, हे लातूरकरांना नवे नाही. पुढचे पाणी कधी येईल याचा भरवसा नसेल, तर भरलेले पिंप कोण ओतून देईल? डेंग्यूचे मूळ इथे पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात आहे.

जैवतंत्रज्ञान: डोमकळीतला धडा

जैवतंत्रज्ञानाच्या धड्यात हमखास येणारा प्रश्न: कापसाच्या बोंडअळीवर कोणती जनुके? उत्तर क्राय-वन-एसी आणि क्राय-टू-एबी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे प्रथिन अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विरघळते, आतड्याच्या पेशींना भोके पाडते आणि अळी मरते. आपल्या जठरातला रस आम्लधर्मी असतो, म्हणजे अळीच्या आतड्याच्या अगदी उलट. हे पचनाच्या धड्याशी जोडून सांगितले की विसरत नाही.

बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली 2002 मध्ये. ते बियाणे आणणारी महिको कंपनी मूळची जालन्याची, म्हणजे मराठवाड्याचीच. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे 'नांदेड-44' हे संकरित वाण त्याआधी शेतकऱ्यांच्या घराघरांत पोहोचले होते. बीटीच्या लाटेत ते मागे पडले.

पण पुस्तक जिथे थांबते तिथे शेतातली गोष्ट सुरू होते. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाऊन टाकली. दोन जनुकांच्या बीटीलाही ती दाद देईना. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल शेतकरी 'डोमकळी' म्हणून ओळखतात. ते उकलले की आत अळी सापडते. हे असे का झाले, याचे उत्तर उत्क्रांतीच्या धड्यात आहे. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळायचे. ते कडेला लावले तर तिथे साध्या अळ्या वाढतात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर होतो आणि प्रतिकार लवकर पसरत नाही. बहुतेकांनी ते लावले नाही. वर डिसेंबरनंतरही पीक उभे ठेवून फरदड घेतली, म्हणजे अळीला पोटभर खाऊ आणि पुढच्या पिढीची सोय. निसर्गनिवडीचे यापेक्षा जवळचे उदाहरण कोणत्या पुस्तकात मिळणार?

परिसंस्था: वगळलेले धडे

नीट 2024 च्या अभ्यासक्रमातून काही धडे गेले: पचन व शोषण, वनस्पतींतील वहन, खनिज पोषण, पर्यावरणीय समस्या. मुलांना हायसे वाटले. पण लातूरच्या बाजारपेठेवर सोयाबीनचे राज्य आहे, आणि खनिज पोषणाच्या धड्यात याच पिकाच्या मुळावरच्या गाठींचे काम समजावले होते. ऑगस्टमध्ये सोयाबीनचे एक रोप मुळासकट उपटावे आणि गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी निघते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. ते गाठीत मोकळा ऑक्सिजन साठू देत नाही, म्हणून रायझोबियमचे नत्र पकडणारे विकर शाबूत राहते. आता रायझोबियम परीक्षेला उरला आहे तो 'जैविक खत' एवढ्याच ओळीपुरता.

पर्यावरणाच्या धड्याचेही तेच. मार्च 2016 मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. 12 एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पहिले पाच लाख लिटर पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आणले. ज्या खोऱ्यात ऊस उभा होता तिथे पिण्याचे पाणी रुळांवरून आले. परिसंस्थेच्या धड्यातली पाण्याची देवाणघेवाण शिकवायला यापुढे वेगळे उदाहरण लागायला नको.

उजळणीत काय बदलता येईल

नीटचा साचा लातूर-नांदेडच्या शिक्षकांच्या हाती नाही. पण सगळेच त्यांच्या हाताबाहेरही नाही. दहावीच्या राज्य मंडळाच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2' मध्ये आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, पर्यावरण, सूक्ष्मजीव, जैवतंत्रज्ञान आणि सामाजिक आरोग्य हे सगळे एकाच पुस्तकात आहे. शिवाय प्रात्यक्षिकाचे 20 गुण शाळाच देते. बारावीच्या जीवशास्त्रातही 30 गुण प्रात्यक्षिकाला आहेत. गल्लीतली पाणी साठवण्याची भांडी मोजून त्यांतल्या अळ्या ओळखणे, शोषखड्डा असलेल्या आणि नसलेल्या गल्लीची तुलना करणे, कपाशीतल्या डोमकळ्या आठवड्याला नोंदवणे, यातला एकही प्रकल्प खर्चाचा नाही.

सराव परीक्षा बंद करायची गरज नाही. तिच्यात एक प्रश्न वाढवावा: दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गल्लीत कोरडा दिवस कसा पाळाल? याचे उत्तर लिहायला डासाचे जीवनचक्र, शरीरातला विषाणू आणि पाण्याचा हिशेब अशा तीन धड्यांची उजळणी करावी लागते. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलीला हा प्रश्न पुढे कधी तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण विचारणारच आहे. तो तिने दहावीतच सोडवला असेल, तर दोन्ही पॅटर्न एका वर्गात आले असे म्हणता येईल.