उत्तेजक द्रव्यसेवन-नियंत्रण, व्यावसायिक खेळांतील

क्रीडास्पर्धांत कृत्रिम उपायांनी कार्यक्षमता वाढविण्यास प्रतिबंध करणारी नियम, चाचण्या व शिक्षा यांची व्यवस्था. अँफेटामिने, स्नायूंची वाढ करणारी स्टेरॉइडे, रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे एरिथ्रोपोएटिन ही द्रव्ये, तसेच स्वतःचे रक्त काढून ठेवून स्पर्धेपूर्वी पुन्हा शरीरात भरण्यासारख्या पद्धती निषिद्ध मानल्या जातात. या प्रकारास सामान्यतः ‘डोपिंग’ म्हणतात. नियंत्रणाचा अधिकार कोणाकडे असावा, हा यातील मूलभूत प्रश्न होय. नियंत्रण ढिले असल्यास प्रामाणिक खेळाडूचे यश हिरावले जाते. ते अन्यायकारक असल्यास निर्दोष खेळाडूची उपजीविका बुडते.

प्रारंभी हे काम क्रीडासंघटनांकडेच होते. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने १९२८ मध्ये उत्तेजकांवर बंदी घातली. परंतु तपासणीची साधने तेव्हा नव्हती. १९६७ मध्ये ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत माँ व्हाँतू पर्वत चढताना ब्रिटिश सायकलपटू टॉम सिंप्सन मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामिन आढळले. पुढील वर्षी ऑलिंपिक सामन्यांत चाचण्या सुरू झाल्या. तथापि स्पर्धा भरविणाऱ्या संघटनांचे उत्पन्न व प्रतिष्ठा नामवंत खेळाडूंवर अवलंबून असल्याने स्वतःच्याच खेळातील गैरप्रकार उघड करण्यात त्यांचे हित नसते. १९९८ च्या टूर द फ्रान्सपूर्वी फेस्तिना संघाच्या कर्मचाऱ्याच्या मोटारीत निषिद्ध द्रव्यांचा मोठा साठा सापडला, तो फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांना. शर्यतीच्या तपासनिसांना नव्हे.

या प्रकरणानंतर १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी अभिकरण (वाडा) स्थापन झाले. त्याचा खर्च ऑलिंपिक चळवळ व विविध देशांची शासने यांनी निम्मा-निम्मा सोसावा, असे ठरले. त्याची संहिता २००४ पासून अंमलात आली. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल मात्र या संहितेखाली येत नाही. तेथील नियम संघमालक व खेळाडूंची संघटना यांच्यातील वाटाघाटींनी ठरतात. खेळाडूंची संमती व त्यांच्या खाजगी जीवनाचे रक्षण हे या पद्धतीचे गुण. परंतु तीमुळे कठोर चाचण्यांना विलंब झाला. डिसेंबर २००७ मधील मिचेल अहवालाने ८० हून अधिक खेळाडूंची नावे घेऊन चाचण्यांची व्यवस्था स्वतंत्र असावी, अशी शिफारस केली.

शासनाला झडती व साक्षीपुरावा यांचे अधिकार असतात, पण राष्ट्रीय प्रतिष्ठेचा मोहही असतो. पूर्व जर्मनीत शासनानेच खेळाडूंना स्टेरॉइडे देण्याची योजना राबविली. रशियात २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी मूत्राचे नमुने गुप्तपणे बदलण्यात आल्याचे २०१६ मधील मॅक्लारेन अहवालात नमूद आहे.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळ २०१९ पर्यंत स्वतःच चाचण्यांची व्यवस्था पाहत असे. दररोज आपला ठावठिकाणा आगाऊ कळविण्याच्या नियमास खेळाडूंनी सुरक्षितता व खाजगीपणा या कारणांवरून हरकत घेतली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळाने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अभिकरणाचा (नाडा) अधिकार मान्य केला. २०२२ च्या कायद्याने नाडाला वैधानिक दर्जा मिळाला. मात्र त्यावर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या अधिकारांस वाडाने आक्षेप घेतल्यामुळे २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली.

स्वतंत्र यंत्रणेचे महत्त्व लान्स आर्मस्ट्राँग प्रकरणात दिसून आले. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी फौजदारी चौकशी आरोप न ठेवता बंद केली. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने तर प्रथम अमेरिकन उत्तेजकविरोधी अभिकरणाच्या अधिकारकक्षेलाच हरकत घेतली. तरीही त्या अभिकरणाने सहकाऱ्यांच्या साक्षींच्या आधारे आर्मस्ट्राँगची १९९९–२००५ मधील सात विजेतेपदे रद्द ठरविली व अखेर संघटनेने तो निर्णय मान्य केला. अर्थात स्वतंत्र यंत्रणाही टीकेपासून मुक्त नाही. २०२१ मध्ये २३ चिनी जलतरणपटूंच्या नमुन्यांत निषिद्ध द्रव्य आढळले होते. अन्नातून ते शरीरात गेल्याचा चीनचा खुलासा वाडाने आव्हान न देता स्वीकारला, हे २०२४ मध्ये उघड झाल्यावर वाडावर टीका झाली.

यावरून कोणत्याही एका सत्तेच्या हाती सर्व अधिकार असणे इष्ट नाही, हे स्पष्ट होते. स्पर्धा भरविणारी संस्था, नमुने तपासणारी प्रयोगशाळा, आरोप ठेवणारे अभिकरण व अपील ऐकणारा लवाद ही परस्परांपासून वेगळी असावीत आणि निर्णयांची कारणे जाहीर व्हावीत. चोरट्या व्यापाराचा शोध शासनाने घ्यावा. शिक्षा ज्याला भोगावयाची, त्या खेळाडूचा विश्वास अशाच व्यवस्थेवर बसू शकतो.