विश्लेषण : जुन्या फोटोत पणजीचे कुंकू काळे का दिसते? छायाचित्र 'यंत्राचे' की 'कलेचे', या वादाची गोष्ट

बांदा : चतुर्थी जवळ आली की घरांची झाडलोट सुरू होते आणि माजघरातल्या जुन्या तसबिरी वर्षातून एकदा खाली उतरतात. काचेवरची धूळ पुसली जाते आणि घरातले एखादे पोर विचारते, पणजीचे कुंकू असे काळेकुट्ट का? कोणी सांगते, फोटो जुना झाला म्हणून. कोणी सांगते, तेव्हा काळी टिकली लावत असतील. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. खरे कारण फोटोच्या रसायनात आहे. 'कॅमेरा जसे आहे तसेच दाखवतो' हा समज किती कच्चा आहे, हेही त्यातून कळते.

काळे कुंकू, पांढरे आकाश

जुन्या फोटोंचा आधार चांदीचे क्षार. प्रकाश पडला की या क्षारांत बदल होतो, मात्र सगळ्या रंगांच्या प्रकाशाने सारखा नाही. निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश त्यांच्यावर जोरात काम करतो, तर लाल प्रकाश जवळपास काहीच करत नाही. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो याचमुळे. साहजिकच लाल कुंकवावरून आलेला प्रकाश काचेवर खूण उमटवत नसे. निगेटिव्हवर ती जागा कोरी राहायची आणि कागदावर छापताना काळी व्हायची. जांभ्या दगडाची भिंतही त्यामुळेच होती त्याहून गडद दिसते, आणि निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे.

सावळ्या माणसांवर तर या रसायनाने अन्यायच केला. त्वचेतला तांबूस-तपकिरी रंग प्लेटला नीट दिसत नसल्याने माणूस फोटोत प्रत्यक्षापेक्षा काळा यायचा. मग स्टुडिओवाला निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने हलके काम करून चेहरा उजळायचा, सुरकुत्या कमी करायचा. कुठे छापलेल्या फोटोवर जलरंग भरले जायचे. आजच्या 'ब्युटी फिल्टर'ला नावे ठेवणाऱ्यांनी घरातली जुनी तसबीर एकदा भिंग लावून पाहावी.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये एक गोष्ट दाखवली. विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली की प्लेट इतर रंगांनाही प्रतिसाद देते. त्यातून आधी हिरवा ओळखणाऱ्या आणि नंतर लालही ओळखणाऱ्या प्लेट आल्या. लाल ओळखणाऱ्या प्लेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आल्या, पण सर्वत्र रुळायला आणखी काही दशके गेली.

ओल्या काचेचा धंदा

फ्रान्समध्ये लुई दागेर यांची पद्धत १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर करण्यात आली. जागतिक छायाचित्रण दिन याच तारखेला असतो. दागेर यांचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे आणि त्याची एकच प्रत असे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांनी निगेटिव्हचा मार्ग शोधला. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. पुढच्या सगळ्या छायाचित्रणाचा पाया हाच.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांची 'वेट कोलोडियन' पद्धत आली. काचेवर चिकट कोलोडियन पसरायचे, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायची. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. म्हणून गावोगाव फिरणारा छायाचित्रकार कॅमेऱ्याबरोबर तंबू, बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या घेऊन फिरे. तेव्हा 'बटण दाबले की फोटो' असा प्रकारच नव्हता.

पत्रादेवीच्या पलीकडचे लाड बंधू

बांद्याहून पत्रादेवी ओलांडली की गोव्यातला पेडणे तालुका लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा मुलूख सावंतवाडीकरांकडे होता. याच तालुक्यातल्या मांद्रे गावी १८२२ मध्ये जन्मलेला एक मुलगा मुंबईत शिकला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाला. तेच डॉ. भाऊ दाजी लाड. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचे नाव आहे. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर, पण भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात नाव येते ते या धाकट्याचे.

१८५४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. ही देशातली अशी पहिली संस्था, आणि लंडनची सोसायटी तिच्या आधी जेमतेम पावणेदोन वर्षे निघालेली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या या मंडळात लाड बंधूही होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि त्यांचे काम १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत पोहोचले. म्हणजे विलायतेत नवी असलेली विद्या पंधरा-सोळा वर्षांत आपल्या माणसांच्या हातात आली होती, आणि तीही शिपाई किंवा मदतनीस म्हणून नव्हे.

मोठे बंधू भाऊ दाजी जुन्या लेखांचे अभ्यासक होते आणि त्यांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचले. त्याच अजिंठ्यात रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून भित्तिचित्रांच्या मोठ्या रंगीत प्रतिकृती काढत होता. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. वर्षानुवर्षांची मेहनत आणि प्रत एकेकच. त्यानेच घेतलेले वेरूळ-अजिंठ्याचे फोटो मात्र १८६४ मध्ये पुस्तकांतून प्रसिद्ध झाले होते आणि ते राहिले. अर्थात अजिंठ्याचे तांबडे-पिवळे रंग त्या काळच्या प्लेटवर उमटणे शक्य नव्हते.

मग ही कला कधी झाली?

'यंत्र चित्र काढते, मग माणसाने केले काय?' हा आक्षेप पहिल्या दिवसापासून होता. फ्रेंच कवी बोदलेर यांनी १८५९ मध्ये छायाचित्रणाला फटकारले : त्याने विज्ञान आणि कलांची चाकरी करावी, कलेच्या पंक्तीला बसू नये.

छायाचित्रकारांनी याला हाताने उत्तर दिले. आकाश पांढरे येते म्हणून गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राची एक आणि ढगांची दुसरी निगेटिव्ह घेऊन दोन्ही एकत्र छापत असे. ऑस्कर रेलँडरने १८५७ मध्ये तीसेक निगेटिव्ह जोडून एकच भव्य दृश्य रचले. मोबाइलचा 'नाइट मोड' किंवा 'एचडीआर' अनेक फ्रेम घेऊन एक फोटो जुळवतो, त्यामागची युक्ती याच घराण्यातली. फरक एवढाच की तेव्हा कोणती फ्रेम कुठे ठेवायची हे माणूस ठरवत होता.

पुढे चित्रासारखे धूसर, भावपूर्ण फोटो काढणारा 'पिक्टोरियल' पंथ आला. मुंबईचे पारशी छायाचित्रकार शापूर भेडवार यांनी १८९० च्या दशकात लंडनच्या प्रदर्शनांत याच शैलीने नाव कमावले. या टप्प्यात एक गंमत आहे : फोटोला कला ठरवण्यासाठी तो फोटोसारखा दिसू नये, याची धडपड चालली होती.

ती धडपड विसाव्या शतकात मागे पडली. क्षण कोणता निवडायचा, कुठे उभे राहायचे आणि चौकटीबाहेर काय ठेवायचे, यातच कला आहे हे मान्य झाले. जे. जे.त शिकलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. रसायनशास्त्र शिकलेले गौतम राजाध्यक्ष चेहऱ्यावरच्या प्रकाशासाठी ओळखले गेले. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांच्या आयुष्याकडे कॅमेरा वळवला आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिघांची तुलना करण्याचे कारण नाही. पण कॅमेरा तिघांकडे अदलाबदल करून दिला असता, तरी फोटो ज्याचे त्यालाच ओळखू आले असते.

भिंतीवरची एकुलती प्रत

संग्रहालयातल्या फोटोंना वातानुकूलित कपाट मिळते. बांद्यातल्या तसबिरीला मिळतो तेरेखोलच्या खोऱ्यातला पावसाळा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. फोटोवरचा चकाकता थर जिलेटिनचा, म्हणजे प्राणिज प्रथिनाचा असतो. ओल शोषली की तो फुगतो, त्यावर बुरशी वाढते आणि शेवटी फोटो काचेला चिकटतो. पूर्वीच्या स्टुडिओंतल्या निगेटिव्ह बहुतेक ठिकाणी राहिलेल्या नाहीत, त्यामुळे भिंतीवर आहे तीच प्रत.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, कारण चेहराच काचेबरोबर निघतो. तो काचेसकट स्कॅन करावा किंवा त्याचा फोटो घ्यावा. सुटा फोटो असेल तर ओल्या फडक्याने पुसू नये, मऊ कोरडा ब्रश पुरे. पुन्हा चौकटीत बसवताना फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड कागदाची किनार ठेवायला सांगावी आणि पावसाची झोड लागणारी भिंत टाळावी. मोबाइलने टिपताना फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या बाजूच्या उजेडात काम करावे. फोनच्या मागे काळे कापड धरले की काचेत आपलेच प्रतिबिंब येत नाही.

हल्ली असे फोटो रंगीत करून देणारी ॲप हातोहात मिळतात. ती कुंकू लाल करतील आणि लुगडे कदाचित हिरवे. तो लुगड्याचा खरा रंग असेलच असे नाही, कारण काळ्या-पांढऱ्या फोटोतून तो काढता येत नाही, ॲप अंदाज बांधते. म्हणून रंगीत केलेली प्रत वेगळी आणि मूळ स्कॅन वेगळे जपावे. आणि तसबीर खाली उतरलेलीच आहे, तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, नाते आणि अंदाजे साल लिहून टाकावे. लुगड्याचा रंग आजीला आठवत असेल, तर तोही.