कंपनी कार्यक्रमांचे नियोजन : चुका टाळायच्या तर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार आधीच ठरवा

कोहका (भिलाई, छत्तीसगड) : वर्धापनदिन, विक्रेता संमेलन, कामगार सत्कार, नव्या उत्पादनाचे अनावरण किंवा विश्वकर्मा पूजा, निमित्त कोणतेही असो, कंपनीच्या कार्यक्रमातील बहुतेक चुका प्रत्यक्ष दिवशी घडत नाहीत. त्या काही आठवडे आधी, निमंत्रितांची संख्या, वेळ आणि जागा ठरवताना घडलेल्या असतात. कार्यक्रमाच्या दिवशी त्या केवळ दिसू लागतात. गैरसोय, वाढलेला खर्च आणि नाराज पाहुणे हे त्यांचे सौम्य परिणाम. गेल्या काही दशकांतील अनुभव असा आहे की, अशाच चुकांपायी माणसांचे प्राणही गेले आहेत.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९५५ च्या करारातून भिलाई पोलाद प्रकल्प उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रकल्पाभोवती वसाहती वाढल्या, पूरक उद्योग आले आणि कोहक्यासारख्या वस्त्या शहराचा भाग झाल्या. अशा औद्योगिक शहरात लहान-मध्यम कारखान्यांचे कार्यक्रम वर्षभर होत असतात. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो किंवा त्या व्यावसायिक संस्था नेमतात. लहान उद्योगात मात्र हे काम मनुष्यबळ विभागातील एखाद्या अधिकाऱ्याकडे, लेखापालाकडे किंवा मालकाच्या नातलगाकडे येते. म्हणूनच चुका कोठे होतात, हे आधी समजून घेणे या उद्योगांसाठी अधिक गरजेचे ठरते.

तीन घटना, तीन धडे

१८ जानेवारी २०२४ रोजी हैदराबादजवळील रामोजी फिल्म सिटीत विस्टेक्स या सॉफ्टवेअर कंपनीचा रौप्यमहोत्सवी सोहळा सुरू होता. कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि आणखी एक वरिष्ठ अधिकारी उंचावरून लोखंडी पिंजऱ्यातून मंचावर उतरणार होते. पिंजऱ्याची साखळी एका बाजूने तुटली आणि दोघेही खाली कोसळले. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा मृत्यू झाला, तर दुसरे अधिकारी गंभीर जखमी झाले. प्रवेश नेत्रदीपक व्हावा, या इच्छेपुढे तो भार कोण तपासणार आणि कोण नकार देणार, हे प्रश्न मागे राहिले की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार सोहळा खुल्या मैदानात, भर उन्हात पार पडला. लाखोंचा समुदाय जमला होता आणि तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस होते. उष्माघाताच्या त्रासाने १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत खुल्या मैदानात कार्यक्रम घेण्यास मनाई केली. तो कार्यक्रम सरकारी होता, परंतु धडा प्रत्येक आयोजकासाठी आहे. प्रमुख पाहुण्यांची सोय पाहून ठरवलेली वेळ प्रेक्षकांनाही सोसेल, असे गृहीत धरता येत नाही.

तिसरी घटना १४ फेब्रुवारी २०१६ ची. ‘मेक इन इंडिया’ सप्ताहानिमित्त मुंबईत गिरगाव चौपाटीवर ‘महाराष्ट्र रजनी’ सुरू असताना मंचाला आग लागली आणि काही वेळातच मंच जळून गेला. चौपाटीवरील या कार्यक्रमाला मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती दिली होती. परवानगी हाती असली तरी धोका टळत नाही, हे त्या रात्री दिसले. मात्र प्रेक्षकांना वेळीच बाहेर काढण्यात आले आणि जीवितहानी झाली नाही. बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या असणे आणि कार्यक्रम तत्काळ थांबवला जाणे, या दोन गोष्टींनी मोठी दुर्घटना टळते.

पहिली चूक : हेतू न ठरवता तारीख ठरवणे

अनेक कार्यक्रमांची सुरुवात सभागृह राखून ठेवण्यापासून होते. कार्यक्रम कशासाठी, हा प्रश्न मागाहून येतो. विक्रेत्यांना नवी योजना समजावून सांगायची आहे, की कामगारांचे कौतुक करायचे आहे, की स्थानिक प्रशासन व ग्राहक यांच्याशी संबंध दृढ करायचे आहेत? तिन्ही हेतू एकाच संध्याकाळी साधू पाहिल्यास एकही नीट साधत नाही. हेतू एका वाक्यात लिहून काढला, तर निमंत्रितांची यादी, भाषणांची लांबी आणि खर्चाचे वाटप हे सारे त्यातून ठरते.

तारीख निवडताना सण, परीक्षा, लग्नसराई आणि हवामान पाहावे लागते. भिलाईसारख्या शहरात कारखान्यांच्या पाळ्याही पाहाव्या लागतात. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात सायंकाळी सात वाजता कामगारांचा सत्कार ठेवला, तर दुसऱ्या पाळीतील कामगार कामावर असतात आणि रात्रपाळीचे कामगार निघण्याच्या तयारीत असतात. ज्यांच्यासाठी सोहळा, तेच अनुपस्थित, अशी स्थिती त्यामुळे ओढवते. १७ सप्टेंबरच्या विश्वकर्मा पूजेच्या सुमारास छत्तीसगडमध्ये पाऊस पूर्णपणे थांबलेला नसतो. मे महिन्यात मैदानी भागातील पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. छत नसलेली जागा या दोन्ही काळांत टाळणेच योग्य.

दुसरी चूक : संख्येचा हिशेब न करणे

‘साधारण पाचशे लोक येतील’ या अंदाजावर जागा, जेवण आणि वाहनतळ ठरवला जातो. प्रत्यक्षात कर्मचाऱ्यांसोबत कुटुंबीय येतात आणि पाहुण्यांसोबत चालक व सहायक येतात. निमंत्रण व्यक्तीला आहे की कुटुंबाला, हे पत्रिकेत स्पष्ट लिहिणे आणि आठवडाभर आधी दूरध्वनीवरून उपस्थितीची खातरजमा करणे, हे साधे उपाय आहेत.

हिशेब वेळेचाही करावा लागतो. भोजनाच्या एका रांगेतून मिनिटाला पाच जण पुढे सरकतात असे धरले, तर दोन रांगांतून ६०० जणांना वाढून होण्यास एक तास लागतो. चार रांगा केल्या, तर तेच काम अर्ध्या तासात होते. सत्कारांचेही तसेच आहे. नाव पुकारणे, मंचावर येणे, शाल-श्रीफळ, छायाचित्र आणि परत जाणे यांस प्रत्येकी दीड मिनिट धरले, तरी ४० सत्कारांना पूर्ण एक तास जातो. पत्रिकेत मात्र त्यासाठी वीस मिनिटे दाखवलेली असतात. उरलेली चाळीस मिनिटे भोजनाच्या किंवा परतीच्या वेळेतून वजा होतात.

तिसरी चूक : जागा छायाचित्रांवरून निवडणे

जागेची पाहणी कार्यक्रमाच्याच वेळी करावी. सकाळी प्रशस्त वाटणारा रस्ता सायंकाळी वाहनांनी भरलेला असू शकतो. पाहणीत सजावटीपेक्षा पुढील गोष्टींना अग्रक्रम द्यावा : बाहेर पडण्याच्या वाटा किती, त्यांची दारे कोणत्या बाजूला उघडतात, अग्निशमन गाडी आत येऊ शकते का, वीजजोडणीची क्षमता किती, जनित्र कोठे ठेवणार, स्वयंपाकाची जागा मंडपापासून किती दूर आहे आणि वृद्ध व दिव्यांग पाहुण्यांसाठी उतरता मार्ग आहे का.

या प्रश्नांचे महत्त्व हरियाणातील डबवाली येथील दुर्घटनेने देशाला दाखवले. २३ डिसेंबर १९९५ रोजी तेथील एका लग्नसभागृहात शाळेचा वार्षिक समारंभ सुरू असताना कृत्रिम धाग्यांच्या कापडाच्या मंडपाला आग लागली. बाहेर पडण्यास पुरेशा वाटा नव्हत्या. चारशेहून अधिक जणांचा, त्यातही मोठ्या संख्येने लहान मुलांचा, मृत्यू झाला. तात्पुरते मंडप उभारताना घ्यावयाच्या अग्निसुरक्षेच्या दक्षतेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ८७५८ हे मानक आहे. मंडप उभारणाऱ्याशी करार करताना या मानकाचा लेखी उल्लेख करावा. विजेच्या जिवंत तारेखाली मंडप नको, चटकन पेटणारे कापड नको आणि बाहेरच्या वाटेत खुर्च्या नकोत, हे तीन नियम तर कोणत्याही आयोजकाला स्वतः तपासता येतात.

चौथी चूक : परवानग्या आणि कायदे शेवटच्या आठवड्यासाठी ठेवणे

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत ध्वनिवर्धक वापरता येत नाही. बंदिस्त सभागृहात, आतल्या संवादापुरती त्यास मुभा आहे. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. छत्तीसगडमध्ये याशिवाय कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५ लागू आहे. दाट वस्तीतील लॉनवर कार्यक्रम असल्यास समारोप साडेनऊपर्यंत होईल, अशीच आखणी करावी.

संगीताबाबतही गैरसमज असतो. विवाहसोहळ्यात ध्वनिमुद्रित गाणी वाजवण्यास स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मध्ये सवलत आहे. कंपनीच्या कार्यक्रमाला ती मिळत नाही आणि संबंधित हक्कधारक संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, सजावटीचे थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक त्यांत मोडतात.

आणखी एक बाब बहुधा विसरली जाते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात, नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जेथे जाते ते ठिकाण आणि मालकाने पुरवलेले वाहनही ‘कामाचे ठिकाण’ मानले आहे. त्यामुळे सहलीच्या ठिकाणी किंवा रात्रीच्या भोजनसमारंभात कंपनीची जबाबदारी संपत नाही. महिला कर्मचाऱ्यांच्या परतीच्या वाहनांची व्यवस्था आणि तक्रार समितीच्या सदस्यांची उपस्थिती नियोजनात आधीच धरावी.

पाचवी चूक : तोंडी व्यवहार आणि काठोकाठ अंदाजपत्रक

मंडप, ध्वनी, प्रकाश, भोजन, वाहने आणि छायाचित्रण यांचे दर तोंडी ठरवून आगाऊ रक्कम दिली जाते. वाद नंतर उद्भवतो. वस्तूंची संख्या, पोहोचण्याची वेळ, वीज व डिझेलचा खर्च कोणाचा, कर आत धरला आहे की वेगळा आणि कार्यक्रम रद्द झाल्यास परताव्याचे काय, या पाच गोष्टी प्रत्येक दरपत्रकात लेखी असाव्यात. एकूण अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा तरी अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते.

भोजनपुरवठादाराकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना किंवा नोंदणी आहे का, हे पाहावे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवणे आवश्यक असते. भाषणे दीड तास लांबली की सर्वांत आधी बिघडते ते हेच गणित. म्हणूनच वेळापत्रक पाळणे हा शिस्तीसोबतच अन्नसुरक्षेचाही प्रश्न ठरतो.

निर्णायक प्रश्न : शेवटचा शब्द कोणाचा?

यादी कितीही चांगली असली, तरी तिच्या प्रत्येक ओळीपुढे एका व्यक्तीचे नाव नसेल तर ती कागदावरच राहते. ‘समिती पाहील’ याचा व्यवहारातील अर्थ बहुधा ‘कोणीच पाहणार नाही’ असा होतो. प्रत्येक कामाला एक जबाबदार व्यक्ती, तिचा एक पर्यायी सहकारी आणि या सर्वांवर एक समन्वयक, अशी रचना लहान कंपनीलाही सहज करता येते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सुरक्षेच्या कारणावरून एखादा भाग वगळण्याचा किंवा संपूर्ण कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे लेखी ठरलेले असावे. कारखान्यात असुरक्षित काम थांबवण्याची पद्धत असते. सोहळ्यात मात्र मालक मंचावर, प्रमुख पाहुणे वाटेत आणि प्रेक्षक प्रतीक्षेत असताना ‘हे करू नका’ असे सांगण्याचे धैर्य कनिष्ठ कर्मचाऱ्याला होत नाही. व्यवस्थापनाने हा अधिकार आधीच, सर्वांसमक्ष आणि नावानिशी दिला, तरच तो वेळेवर वापरला जातो. ही व्यक्ती त्या दिवशी सत्कारात, सूत्रसंचालनात किंवा पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेली नसावी.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम घ्यावी. तिच्यात भाषणांबरोबर वीज गेल्यास काय, पाऊस आल्यास काय, प्रमुख पाहुण्यांना दोन तास उशीर झाल्यास काय आणि कोणाची प्रकृती बिघडल्यास रुग्णवाहिका कोणत्या दाराने येणार, याचीही तालीम व्हावी. पाहुणे विमानाने रायपूरला उतरून महामार्गाने भिलाईला येणार असतील, तर वाहतूककोंडीसाठी जादा वेळ धरावा आणि त्यांच्याविनाही कार्यक्रम सुरू करता येईल, असा क्रम तयार ठेवावा.

कार्यक्रम संपल्यावर आठवडाभरात आढावा बैठक घ्यावी. किती निमंत्रित होते, किती आले, किती अन्न उरले, कोणता भाग किती मिनिटे लांबला आणि कोणते देयक अंदाजापेक्षा वाढले, या नोंदी एका वहीत राहिल्या तर पुढील वर्षीच्या आयोजकाला अंदाजावर विसंबावे लागत नाही. थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद त्याच वहीत, काहीही न लपवता, करावी. सैल झालेली तार, अडवलेले दार किंवा उन्हाने चक्कर आलेली एखादी व्यक्ती या त्या दिवशी किरकोळ वाटलेल्या गोष्टी पुढील नियोजनात सर्वांत आधी तपासायच्या असतात.