गाडी फलाटाला लागू द्या

गोव्याहून येणारं विमान सोलापुरात होटगी रोडच्या धावपट्टीवर टेकलं, पंखे घुमले, अंगभर थरथर झाली आणि वेग उतरला. विमान वळून टर्मिनलकडे निघालं. तेवढ्यात चौथ्या रांगेतल्या पांढऱ्या टोपीच्या आजोबांनी पट्टा सोडला, उभे राहिले आणि वरच्या कप्प्यातली काजूची पिशवी ओढायला लागले. मागून हवाई सुंदरीचा आवाज आला, "सर, प्लीज बसून घ्या." आपल्यालाच सांगताहेत हे आजोबांच्या ध्यानात आलं नसावं. शेवटी पलीकडच्या सीटवरचा कॉलेजातला मुलगा म्हणाला, "ओ आजोबा, बसा की ओ. गाडी फलाटाला लागू द्या." आजोबा लगेच बसले.

मला त्या वाक्याचं फार नवल वाटलं. घोषणा इंग्रजीत झाली होती, हिंदीत झाली होती, डोक्यावर पट्ट्याचं चित्र पेटलेलं होतं. त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. मुलानं विमानाची गाडी केली, टर्मिनलचा फलाट केला आणि आयुष्यभराच्या सवयीला पटेल असं कारण दिलं.

ती सवय चुकीची नाहीच मुळी. पुण्याहून येणारी एसटी बाळ्याच्या पुढे आली की निम्मी गाडी उठून उभी राहते, कारण स्टँडवर चढणारे रुमाल टाकायला दाराशी आणि खिडकीशी टपलेले असतात. रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरायचं तर आधीच दाराशी जाऊन थांबावं लागतं, नाहीतर चढणारा लोंढा आपल्याला परत डब्यात ढकलतो. वेळेआधी उठणं हे आपल्याकडे प्रवासाचं शहाणपण आहे, आणि ते दोन-तीन पिढ्यांनी कमावलंय. विमान मात्र सोलापूरला नवं. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली, २९ सप्टेंबर २०२४ रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, ९ जून २०२५ रोजी गोव्याचं विमान सुरू झालं आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मुंबईचं. एवढ्याशा काळात अंगवळणी काय पडणार?

म्हणून मी घरी आल्यावर शोधत बसलो, की धावपट्टी सोडून थांबेपर्यंतच्या त्या चार-पाच मिनिटांत असं काय असतं. जे हाती लागलं ते थक्क करणारं होतं.

पहिली गोष्ट चाकांची. विमानाच्या चाकांना इंजिन नसतं. गाडीत इंजिन चाक फिरवतं आणि चाक रस्त्याला रेटतं. विमानाची चाकं हातगाडीच्या चाकांसारखी नुसती फिरतात. पुढं जायला लागतो तो हवेचाच रेटा, आकाशात लागतो तोच. गोव्याच्या मार्गावरचं एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान आहे, त्यामुळे वैमानिक पंख्याच्या पात्यांचा कोन बदलून हवा कमीजास्त मागे ढकलतो आणि तेवीस टनांपर्यंतचं धूड जमिनीवर चालवतो. दिशा देण्यासाठी मुख्य वैमानिकाच्या डाव्या हाताशी एक छोटी मूठ असते, तिनं नाकाखालचं चाक वळतं. ब्रेक पायाच्या चवड्यांखाली. आणि हे सगळं करताना दोन्ही बाजूंना पसरलेले पंख सांभाळायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २७ मीटर! दहा एसट्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर साधारण तेवढी रुंदी होईल.

विमानविद्येच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ब्लेरिओच्या शाळेत शिकाऊ वैमानिकांना आधी पंख छाटलेल्या विमानात बसवत. ते उडतच नसे, मैदानावर नुसतं धावायचं. त्याला नाव होतं पेंग्विन. सरळ रेषेत धावणं जमलं की मगच खरं विमान हाती मिळायचं. मला हे फार आवडलं. जमिनीवर चालवणं ही वेगळी शिकण्याची गोष्ट आहे, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्या लोकांनी ओळखलं होतं.

आता उभ्या माणसाचं पाहू. सरळ टप्प्यात विमान जमिनीवर सहज २० नॉटनं, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरनं चालतं. आत बसून हा वेग कळत नाही, कारण खिडकीबाहेर जवळचं झाड नाही, खांब नाही, सगळं लांब लांब. पण आतल्या प्रत्येकाच्या अंगात तो वेग असतो. साडेपाच मीटर उंचीवरून पडणारा माणूस जमिनीवर आदळतो त्या क्षणी त्याचा वेग साधारण एवढाच असतो. ब्रेक लागला तर विमान काही जागच्या जागी थिजत नाही, हे खरं. पण उभ्या माणसाला तोल जायला तेवढं लागतही नाही. तळपाय विमानाबरोबर थांबतात आणि छाती-डोकं आधीच्या वेगानं पुढं जातात. एसटीत कंडक्टर सीटला पाठ टेकून, दांडीला कोपर अडकवून तिकिटं फाडतो. सगळी गाडी उभ्या माणसाचा विचार करून बनवलेली आहे. विमानात छताला दांडी नाही, लोंबती कडी नाही. जमिनीवर धावताना इथं कुणी उभं असेल, हे बनवणाऱ्यानं गृहीतच धरलेलं नाही. शिवाय हातात सात किलोची पिशवी, कप्प्याचं झाकण उघडं, आणि खाली कुणाचं तरी डोकं.

आणि ती हवाई सुंदरी उठून आजोबांना बसवायला का आली नाही, मागूनच का ओरडली? कारण तिलाही बसून राहावंच लागतं. एटीआरमध्ये दोघीच असतात. अपघात झाला तर दार उघडून सगळ्यांना बाहेर काढणाऱ्या त्या दोघी. त्यातली एक जरी बोळात तोंडावर पडली तरी निम्मी मदत गेली. प्रवासी बसलेला नसला की ती पेचात सापडते. उठावं तर तिचा जीव, न उठावं तर त्याचा.

बरं, विमान थांबलं म्हणजे पोचलं असंही नाही. दुसऱ्या विमानाला वाट द्यायला, वळणाआधी, ते मध्येच थांबतं आणि पुन्हा निघतं. खरा थांबा वेगळाच. समोर उभा असलेला माणूस हातातल्या दोन काठ्या डोक्यावर फुलीसारख्या धरतो, वैमानिक ब्रेक लावतो, चाकांना घाटातल्या ट्रकला दगड लावतात तसे ठोकळे लागतात. जोरात फिरणारं पातं डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून पंखे थांबल्याची खात्री होईपर्यंत दार उघडत नाहीत. मग 'टिंग' वाजतं आणि पट्ट्याचं चित्र विझतं.

सगळ्यात जास्त चकित केलं ते कायद्यानं. १४ सप्टेंबर १९६३ रोजी टोकियोत एक आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतानं त्यासाठी १९७५ मध्ये कायदा केला. विमानाच्या कप्तानाचा अधिकार कधीपासून कधीपर्यंत, हे त्यात ठरवलंय. प्रवासी चढल्यावर बाहेरची सगळी दारं बंद झाली, त्या क्षणापासून ते उतरण्यासाठी एखादं दार उघडेपर्यंत. एवढा सगळा वेळ कप्तानाच्या अधिकारापुरतं ते विमान 'उड्डाणात' धरलं जातं. म्हणजे चाकं जमिनीवर, खिडकीतून कुंपणापलीकडची रिक्षा दिसतेय, आणि तरी आपण अजून आकाशात! दाराच्या कडीवर कायद्यानं आकाशाची हद्द बांधली, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो.

दार उघडल्यानंतर काय, हा प्रश्न भारतात ऐरणीवर आला तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यामुळे. उस्मानाबादचे, म्हणजे आताच्या धाराशिवचे, तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड २३ मार्च २०१७ रोजी एअर इंडियाच्या विमानानं पुण्याहून दिल्लीला गेले. आपल्या जिल्ह्यातली बार्शी त्यांच्याच मतदारसंघात. त्यांच्याकडे बिझनेस क्लासचं कूपन होतं, विमानात तो वर्गच नव्हता. दिल्लीत उतरायला त्यांनी नकार दिला आणि समजूत घालायला आलेल्या अधिकाऱ्याला चपलेनं मारलं. मारल्याचं त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलंही. एअर इंडियासह मोठ्या विमान कंपन्यांनी त्यांना बंदी केली, खासदारांना रेल्वेनं प्रवास करावा लागला. त्यांनी खेद व्यक्त केल्यावर ७ एप्रिलला बंदी उठली. तक्रार रास्त असू शकते. कर्मचाऱ्यावर हात टाकणं कधीच रास्त नसतं. त्या अधिकाऱ्याचा त्या दिवशीचा अपमान मला अजून बोचतो.

त्याच वर्षी ८ सप्टेंबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं बेशिस्त प्रवाशांसाठी नवे नियम आणले. तोंडाच्या बेशिस्तीला तीन महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर जाण्याला सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणाऱ्या वागण्याला किमान दोन वर्षं. निर्णय करणाऱ्या समितीचा अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश. आणि बेशिस्त म्हणजे नुसती मारामारी नव्हे, कर्मचाऱ्यांच्या सूचना न पाळून व्यवस्था बिघडवणंही त्या व्याख्येत येतं. ही डोकेदुखी जगभरची आहे. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या हिशेबात २०२३ मध्ये दर ४८० उड्डाणांमागे एक बेशिस्तीची घटना निघाली. तुर्कस्ताननं तर मे २०२५ मध्ये, पट्ट्याचं चित्र विझण्याआधी उठणाऱ्यांना दंड लावायचं ठरवलं. मला दंडापेक्षा त्या कॉलेजातल्या मुलाचं वाक्य जास्त कामाचं वाटतं, पण तसा मुलगा प्रत्येक विमानात कुठून आणायचा?

जमिनीवरचा वेळ हा निवांत वेळ नव्हे, याची साक्ष विमानविद्येच्या इतिहासातच आहे. सर्वात भीषण विमान अपघात आकाशात झालेलाच नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात एक जंबो जेट धावपट्टीवरून हळूहळू चालत वळण शोधत होतं आणि दुसरं उड्डाणासाठी सुसाट निघालं. ५८३ माणसं गेली. आणि जमिनीवरचीच दुसरी गोष्ट, २ जानेवारी २०२४ ची. टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं. त्या छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण वाचले नाहीत. मोठ्या विमानात ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. बाहेर ज्वाळा, आत धूर, घोषणेची यंत्रणा बंद. आठ दारांपैकी तीनच वापरता आली. कर्मचाऱ्यांनी भोंग्यावरून आणि घशाच्या जोरावर सूचना दिल्या. लोक दार उघडेपर्यंत थांबले, पिशव्या तिथंच टाकल्या आणि ३७९ च्या ३७९ जण जिवंत बाहेर आले. एवढ्या धुरात, लेकरं कडेवर असताना, 'थांबा' म्हटल्यावर थांबलेल्या त्या माणसांपुढे मला हात जोडावेसे वाटतात.

सोलापूरच्या त्या दुपारकडे परत येतो. 'टिंग' वाजलं आणि सगळे उठले. एटीआरचं उतरायचं दार मागं असतं, पुढच्या भागात सामान. त्यामुळे मागच्या रांगा आधी उतरतात. मी खाली उतरलो तर शेपटीखाली एक उभा दांडा लावलेला दिसला. मी त्याच्याकडे बघत रेंगाळलो. एवढं मोठं यंत्र, आणि त्याला मांडवासारखा टेकू!

चौथ्या रांगेतले आजोबा पार शेवटी आले, काजूची पिशवी छातीशी धरून. तेही थांबले. पिवळ्या जाकिटातल्या पोराला त्यांनी विचारलं, "हे कशाला रे बाळा?"

"विमान मधल्या चाकांवर तोललेलं असतं ना आजोबा. पुढचं सामान काढलं आणि माणसं मागं दाटली की शेपूट खाली जायला बघतं. म्हणून आधी हे लावायचं, मग माणसं उतरवायची."

आजोबांनी वाकून दांडा वरपासून खालपर्यंत नीट पाहिला.

"म्हणजे गाडी उलाळ होते," ते म्हणाले.

पोराला तो शब्द माहीत नव्हता. मग भर उन्हात, त्या पंखाच्या सावलीत उभे राहून, आजोबांनी हात आडवा धरला आणि उसाची गाडी मागून जास्त भरली की जू कसं वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला कसा फास बसतो, ते त्याला दाखवायला लागले.