वारा पडलेला, तरी लाटा का उसळतात?

आभाळ निरभ्र, वाऱ्याचा मागमूस नाही, आणि तरीही रायगडमधल्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर लाटा भराभर वर चढू लागतात. वाळूवर ओढलेल्या होड्या आणखी वर घ्याव्या लागतात. मे 2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या किनाऱ्याला अशाच लाटांचा इशारा होता.

ही लाट इथली नसतेच. पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूला वादळं घोंघावतात आणि वारा दिवसचे दिवस समुद्र घुसळतो. तिथून सुटलेल्या लांब लाटा फारशी ताकद न गमावता हजारो किलोमीटर येतात. पाणी मात्र प्रवास करत नाही. भातशेतावरून लहर जाते आणि रोपं जागच्या जागी डोलतात, तसंच हे. खोल समुद्रात ही ऊर्जा तासाला साधारण 50 किलोमीटर सरकते. उथळ पाण्यात वेग मंदावतो, लाट उंचावते.

वाटेत सेशेल्स बेटं लागतात. हैदराबादच्या ‘इन्कॉईस’ या सरकारी संस्थेने तिथे लाटा मोजणारा तरंगता बोया बसवला. तिथून रायगडपर्यंत लाटेला दोन-अडीच दिवस लागतात. तेवढ्यात होडीच्या तांडेलापर्यंत निरोप पोचू शकतो.

मदत दुसऱ्या बाजूनेही होते: सेशेल्स, मालदीव, कोमोरोस यांना इन्कॉईस समुद्राचे अंदाज पुरवते. मे 2007 मध्ये मालदीवच्या अनेक बेटांवर अशाच लाटांचं पाणी शिरलं होतं. एवढ्याशा देशाला अंदाजासाठी महासंगणक परवडत नाही. भारताचं अंदाजाचं गणित मात्र सगळ्या हिंदी महासागरासाठी मांडलेलंच असतं. ही मदत मोलाची आहे, कारण होडी कधी लोटायची हे तिथला मच्छीमार स्वतः ठरवतो.