हौशी वादकाचा कान

'हौशी' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. हौशी नाटक मंडळी म्हटले की त्यात कौतुक असते. तेच 'हौशी काम' म्हटले की कच्चेपणाचा ठपका येतो. युरोपीय भाषांतही या शब्दाची हीच गत झाली आहे. 'अमॅच्युअर' हा फ्रेंच शब्द 'प्रेम करणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला. पुढे त्याला अर्धवटपणाची छटा चिकटली. आज ज्या मंडळींविषयी आम्हाला सांगायचे आहे, ती या शब्दाच्या मूळ अर्थाने हौशी आहेत. दिवसभर दवाखाना, कचेरी वा शाळेचे वर्ग सांभाळून ही माणसे रात्री पियानोपुढे बसतात. बाख, बेथोवन, शोपाँ यांची एखादी रचना महिनोन्महिने घोटतात, आपल्या वादनाचे ध्वनिमुद्रण करतात आणि ते आपल्यासारख्याच दुसऱ्या वादकांकडे पाठवून विचारतात, "कसे वाटले? कुठे चुकते आहे?" अशा मंडळींत आम्हीही आहोत. ही देवघेव दिसायला साधी आहे. तरी तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि दुखावण्यासारखेही.

प्रथम हा प्रश्न, की पियानो वाजवणाऱ्यालाच याची गरज एवढी का भासावी? आपल्या बैठकीत गवई समेवर आला की दाद तिथल्या तिथे मिळते. स्वर लागला की मान डोलते. नाही लागला तर बैठक गप्प राहते आणि त्या गप्पपणातूनही गवई काय ते समजतो. पाश्चात्त्य मैफलीत रचना संपेपर्यंत श्रोत्याने निःशब्द बसावे असा आजचा रिवाज आहे. त्यात पियानो हे एकट्याचे वाद्य. व्हायोलिन वाजवणारा हौशी मनुष्य तीन सोबती जमवून चौघांत वाजवू शकतो आणि सोबत्यांच्या चेहऱ्यावरून आपली चूक ओळखू शकतो. पियानोवाला आपल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसतो. वर्षानुवर्षे तोच वादक आणि तोच एकटा श्रोता.

आणि हा श्रोता मोठा पक्षपाती असतो. ज्यांनी कधी मुद्रिते तपासली असतील त्यांना हे लगेच पटेल. लेखकाला स्वतःच्या लेखातील चुका दिसत नाहीत. कारण कागदावर काय आहे ते तो वाचत नाही, आपल्या मनात काय होते ते वाचतो. वादकाचेही तसेच होते. बोटे या स्वरावर असतात तेव्हा मन पुढच्या स्वराकडे धावत असते, आणि कान मनात योजलेले वादन ऐकत राहतात. लय धावली तर ती उत्कटता वाटते. अडखळून थांबलो तर तो भाव वाटतो.

हा भ्रम फोडणारे यंत्र मनुष्याला मिळून फार काळ झाला नाही. एडिसनचा फोनोग्राफ 1877 सालचा. चुंबकीय फितीवर ध्वनी उतरवणारे यंत्र बर्लिनच्या प्रदर्शनात 1935 साली लोकांपुढे आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते हळूहळू घराघरांत शिरले. आज ते काम खिशातला मोबाइल करतो. आपले वादन दुसऱ्या दिवशी, हात मांडीवर ठेवून, परक्यासारखे ऐकता येणे ही सोय स्वतः शोपाँलाही लाभली नव्हती.

यंत्राने ऐकवले म्हणजे सारे कळते काय? आमचा अनुभव सांगतो. शोपाँचा चोवीस प्रेल्यूड्सचा संग्रह 1839 साली प्रसिद्ध झाला. त्यातील चौथी, ई मायनरमधील रचना जगभरच्या हौशी वादकांची आवडती आहे. अवघ्या एका पानाची, स्वरलिपीतील 25 खंडांची. वाजायला दोन मिनिटांच्या आसपास. 1849 साली पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपाँच्या अंत्यविधीत ती ऑर्गनवर वाजवली गेली होती. उजव्या हाताला जवळजवळ एकच काम: एक लांब स्वर, मग त्याच्या शेजारचा एक छोटा स्वर, पुन्हा तोच लांब स्वर. डावा हात खाली सारख्या लयीत कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी दाबलेले दोन-तीन स्वर, वाजवीत राहतो आणि ते कॉर्ड एकेका स्वराने खाली उतरत जातात. पाहणाऱ्याला वाटते, यात कठीण ते काय?

कठीण आहे ते पियानोच्या जातीतच. पेटीची पट्टी दाबून धरावी आणि भाता हलवावा, स्वर हवा तितका टिकतो. पियानोत पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे सरते. त्या क्षणापासून स्वर मावळू लागतो. पट्टी कितीही दाबून धरली तरी तो वाढवता येत नाही. आता वरचा लांब स्वर मावळत असता डावा हात त्याच्याखाली सहा वेळा ताजे कॉर्ड वाजवतो. डावा हात किंचित जड झाला की गाणे बुडाले. शिवाय लांब स्वरानंतर येणारा छोटा स्वर किती जोराने वाजवायचा? आधीचा स्वर जितक्या जोराने सुरू झाला होता तितक्या जोराने वाजवला तर तो मध्येच ठोसा मारल्यासारखा येतो. आधीचा स्वर मावळत मावळत जिथवर आला असेल, तिथून त्याला उचलावे लागते. त्यासाठी मावळणारा स्वर शेवटपर्यंत ऐकला पाहिजे.

आम्ही ही रचना तीन महिने बसवली, मुद्रित केली, चारदा ऐकली. काही तरी उणे आहे इतके कळले. काय उणे आहे ते कळेना. शेवटी चार परिचित वादकांकडे पाठवली. तिघांनी छान म्हटले. चौथ्या बाईंनी कळवले, "तुमचा डावा हात दर खंडाच्या पहिल्या कॉर्डवर पाय आपटतो आहे. उजवा हात बाजूला ठेवा, आठवडाभर नुसता डावा वाजवा, इतका हळू की शेजारच्या खोलीत निजलेले मूल उठू नये. मग वरचा स्वर घ्या आणि तो विझेपर्यंत ऐका." आम्हाला राग आला. तीन दिवस पियानोला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मुद्रण पुन्हा लावले, आणि पाय आपटलेला स्पष्ट ऐकू आला. तो पहिल्यापासून तिथेच होता. ऐकायचे काय, हे दुसऱ्याने सांगावे लागले. यंत्र आरसा धरते खरे, पण आरशात पाहावे कुठे हे सोबती दाखवतो.

आरशाचेही दोष असतात, तेही सांगितले पाहिजेत. मोबाइलचे साधे मुद्रण बहुधा मोठा आवाज आपोआप दाबते आणि बारीक आवाज उचलते. वादकाने कष्टाने साधलेला चढउतार त्यात सपाट होतो. म्हणून ही आपोआप होणारी दुरुस्ती बंद करता येत असेल तर करावी, आणि यंत्र पियानोवर न ठेवता चार-सहा हात दूर ठेवावे. आणखी एक गोष्ट. यंत्र सुरू आहे हे ठाऊक असले की एरवी न चुकणारे बोट चुकते. हा दोष नसून सराव आहे. चार लोकांसमोर वाजवायचे धैर्य तिथेच कमावता येते. म्हणून तुकडे जोडून निर्दोष केलेल्या मुद्रणापेक्षा एका दमात वाजवलेले, दोन चुकांचे मुद्रण सोबत्यांकडे पाठवावे. जोडकामावर अभिप्राय मागणे म्हणजे वैद्याकडे दुसऱ्याची नाडी पाठवण्यासारखे आहे.

आता अभिप्राय देणाऱ्याविषयी. आणि इथे आमचा अपराध कबूल करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांनी साठीनंतर शिकून वाजवलेली बाखची एक छोटी रचना आमच्याकडे पाठवली. लय डळमळीत होती. आम्ही घाईत दोन ओळी लिहिल्या, "लय मुळीच नाही. आधी मेट्रोनोम घेऊन बसा." शब्द न शब्द खरा होता. त्यानंतर त्यांचे मुद्रण आले नाही. पुढे कळले की त्यांनी वाजवणेच सोडले. आमच्या दोन ओळींमुळेच सोडले असे आम्ही म्हणू शकत नाही. तसे झाले नाही असेही म्हणवत नाही. त्यांची लय कुठे आणि का डळमळते, डावीकडून उजवीकडे सूत्र जाते तिथे ते बोट बदलताना थांबतात, हे आम्हाला ऐकू आले होते. ते लिहायला दहा मिनिटे लागली असती.

या बाबतीत शूमानचे उदाहरण आम्हाला नेहमी आठवते. हाताला इजा झाल्यामुळे पियानोवादक होण्याचा नाद सोडावा लागलेल्या या संगीतकाराने 1834 साली लाइप्झिग येथे मित्रांसह एक संगीतविषयक नियतकालिक काढले. त्यात तो परीक्षणे लिही ती दोन कल्पित नावांनी. फ्लोरेस्तान हा तडफदार, परखड. युसेबिअस हा हळवा, स्वप्नाळू. दोघांचे पटले नाही तर मध्यस्थीला तिसरे कल्पित गुरुजी, राऱो. तिन्ही माणसे शूमानच्याच मनातली. अभिप्राय देणाऱ्यापाशी हे तिघेही हवेत. आम्ही त्या दिवशी फ्लोरेस्तानला एकट्यालाच धाडले होते. आणि आम्हाला 'छान' म्हणणाऱ्या तिघांनी एकट्या युसेबिअसला! पोकळ स्तुतीने कोणी दुखावत नाही म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण तीन महिने खपून एक प्रश्न विचारणाऱ्याला ती रिकाम्या हाताने परत पाठवते.

म्हणून आम्ही स्वतःपुरते काही नेम केले आहेत. मुद्रण दोनदा ऐकल्यावाचून लिहायचे नाही. काय साधले ते प्रथम सांगायचे, आणि तेही नेमके. दोष सांगायचा तो जागेसह, कारणासह आणि उद्या सकाळी करता येईल अशा उपायासह. एका वेळी दोनच दोष. बाकीचे पुढच्या खेपेला. पाठवणाऱ्यानेही आपला प्रश्न नेमका विचारावा. 'कसे वाटले?' याचे उत्तर 'छान' हेच येणार. उत्तर आल्यावर लगेच बाजू मांडू नये. तीन दिवस थांबून पुन्हा ऐकावे. दोन सोबत्यांनी एकाच जागी बोट ठेवले तर ते मान्य करावे. मते परस्परविरोधी आली तर आपल्या कानाला विचारावे. शेवटी वाजवायचे आपल्यालाच आहे.

हौशी वादकांच्या मोठ्या स्पर्धाही आता होतात. अमेरिकेत फोर्ट वर्थ येथे व्हॅन क्लायबर्न यांच्या नावाने 1999 साली पस्तिशीपुढील हौशी वादकांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिथवर पोचणारे थोडे. बाकीच्यांचे सारे संगीत एका खोलीत आणि चार सोबत्यांच्या कानांत राहते. ते जगते वा सुकते ते त्या चार कानांवर. आम्ही त्या गृहस्थांना मागाहून लांब पत्र लिहिले, क्षमा मागितली आणि बोट कुठे बदलावे तेही लिहिले. उत्तर आलेले नाही. पण तेव्हापासून कोणाचेही मुद्रण आले की प्रथम आम्ही त्यांची ती छोटी रचना आठवतो, आणि मगच लिहायला बसतो.